धागा: सोलापुरात घराचा भाव, रेडीरेकनर आणि मिळकत कर – आपापले अनुभव लिहा

पेठेतला
नमस्कार मंडळी,

१ एप्रिल २०२५ ला रेडीरेकनरचे, म्हणजे मुद्रांकासाठी सरकार घर-जमिनीची जी किंमत धरतं तिचे, नवे दर लागले. त्याआधी दोन वर्षं दर जैसे थे होते. राज्याची सरासरी वाढ ४.३९ टक्के. मुंबई ३.३९, पुणे ४.१६. आणि आपल्या सोलापूर महापालिका हद्दीत १०.१७ टक्के, म्हणजे राज्यातल्या सगळ्या महापालिकांमध्ये सर्वांत जास्त. ज्या गावात पोरं शिकली की पुण्याची नाहीतर हैदराबादची गाडी पकडतात, तिथे सरकारी कागदावर घरं सगळ्यांत जास्त महाग झाली. तेव्हापासून हे मनातून जात नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. सोलापूर म्हणजे एक बाजार नाही, निदान दोन आहेत. मंगळवार पेठ, साखर पेठ, जोडभावी पेठ, शुक्रवार पेठ इथली जुनी घरं बघा. बोळ इतका अरुंद की रिक्षा आत येत नाही, भिंत शेजाऱ्याशी सामाईक, उताऱ्यावर पाच-सहा वारसांची नावं आणि त्यातला एकजण सहीला तयार नाही. अशा घराला गिऱ्हाईक मिळणं अवघड. दुसरीकडे जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, सैफुल या भागांत मोकळ्या प्लॉटचा भाव ऐकून छातीत धस्स होतं. या दोन्हींवर सरासरी वाढीचा बोजा टाकला की एकीकडे गरीब विकणारा मरतो आणि दुसरीकडे घेणारा.

दराबद्दल, मनपाच्या बिलाबद्दल, नोंदणीबद्दल ज्याला जे माहीत आहे ते इथे लिहा. कुणा अधिकाऱ्याचं किंवा बिल्डरचं नाव घालू नका, कामाची माहिती द्या.

जुळेकर
पेठेतले काका, अर्धं पटलं, अर्धं नाही. आमच्या भागात रेडीरेकनर खऱ्या भावाच्या कितीतरी खाली होता, अजूनही आहे. त्याचा त्रास नोकरदारालाच होतो. विकणारा म्हणतो दस्त एवढ्याचाच करू, बाकीचे रोख द्या. बँक कर्ज देते दस्तातल्या रकमेवर. मग पगारदार माणसानं रोख आणायची कुठून? बायकोचे दागिने, गावाकडची जमीन, नाहीतर सासऱ्याकडून उसने. सरकारी दर खऱ्या भावाजवळ आला तर निदान हा रोखीचा खेळ कमी होईल.

वाढीचं कारण मात्र नुसतं सरकार नाही. जून २०२३ मध्ये विमानाला आडवी येणारी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली, जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरमध्ये मुंबईचं. मुख्यमंत्र्यांनी आयटी पार्कची घोषणा केली. त्या दिवसापासून होटगी रोडचे एजंट फोनवर आवाज चढवूनच बोलतात. पार्कची वीटही दिसत नाही आणि प्लॉटला मात्र पार्कचा भाव. नोकऱ्या येऊ देत, मग भाव वाढला तर कुणी तक्रार करणार नाही.

पेठेतला
जुळेकर, तुमच्या भागापुरतं मान्य. आता आमच्याकडचं गणित बघा, नुसतं समजण्यासाठी आकडे घेतो.

पेठेतलं एक घर. रेडीरेकनरनं किंमत येते ३० लाख. घेणारा बोळ बघून, वारस बघून २६ च्या वर जात नाही आणि खरोखर २६ लाखच चेकनं देतो. आपल्याकडे मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि स्थानिक संस्थेचा अधिभार १ टक्का, मिळून ६. ते लागणार ३० लाखांवर, म्हणजे १ लाख ८० हजार. २६ वर लागलं असतं तर १ लाख ५६ हजार. वर नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार. इथपर्यंत एक वेळ सोसू.

पुढे इन्कम टॅक्स. दोन किमतींतला फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर खातं काही म्हणत नाही. २६ चे दहा टक्के म्हणजे २ लाख ६०. इथे फरक ४ लाखांचा. मग विकणाऱ्याला ३० लाख मिळाले असं धरून त्याचा भांडवली नफा काढतात, आणि घेणाऱ्याला ४ लाखांचा फायदा झाला म्हणून ते त्याच्या उत्पन्नात मिळवतात. न मिळालेल्या पैशावर दोघांनाही कर. सोलापूरच्या पेठांत हे वारंवार होतंय आणि लोकांना ते नोटीस आल्यावरच कळतं. मला खरी चीड याची आहे.

दस्ताच्या कामातला
काकांनी मांडलंय ते बरोबर, पण त्यावर उपाय आहेत आणि लोक ते वापरत नाहीत, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, रेडीरेकनरचा तक्ता म्हणजे नुसता दर नाही, त्याच्यासोबत मार्गदर्शक सूचना असतात. जुन्या बांधकामाला वयाप्रमाणे घसारा मिळतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्याला दर कमी धरतात. भाडेकरू बसलेला असेल तर मूल्यांकन वेगळं होतं. दस्त करायच्या आधी मूल्यांकनाचा कागद मागून घ्या आणि बांधकामाचं वर्ष बरोबर धरलंय का ते बघा. जुन्या वाड्याला नवं बांधकाम समजून किंमत काढलेले कागद मी पाहिलेत.

दुसरं, एवढं करूनही किंमत फार जास्त वाटली तर नोंदणीआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे मुद्रांक किती लागेल ते ठरवून घेण्यासाठी, अर्ज करता येतो. वेळ लागतो, कागद लागतात, फोटो लावा, बोळाची रुंदी लिहा. आणि इन्कम टॅक्समध्येही किंमत जास्त धरल्याचं सांगून खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवायची मागणी करता येते.

तिसरं, राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे. ३० लाखांवर ३० हजार वाचतात. जोडनावानं, नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. पूर्वी पुढे पुरुषाला विकायला पंधरा वर्षांची अट होती, ती काढून टाकलीय.

आणि वडिलांनी राहतं घर मुला-मुलीला बक्षीसपत्रानं द्यायचं असेल तर मुद्रांक फक्त २०० रुपये, त्यावर स्थानिक अधिभार वेगळा. साध्या कागदावर वाटणी लिहून घरात ठेवणाऱ्यांनी हे वाचावं.

मागवाला
मी पूर्व भागातला. आमचं दुःख वेगळंच हाय ओ. आजोबांनी खाली चार माग टाकले, वर राहायला दोन खोल्या. टॉवेलचं काम होतं तोवर ठीक. सूत महागलं, वीज महागली, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. माग भंगारात दिले. आता खाली मुलगा अभ्यास करतो, आई झोपते.

पण बिल बघा. वापराच्या रकान्यात अजून बिगरनिवासी. सामान्य कराचा दर त्यामुळे वेगळा, आणि खाली राज्य शासनाचा रोजगार हमी कर. शिक्षण कर सगळ्यांनाच असतो, पण रोजगार हमी कर निवासी घराला नसतोच. बंद पडलेल्या मागाचा कर माणूस किती वर्षं भरणार? अर्ज दिला, आवक-जावकवर शिक्का मारून पोच घेतली, पुढच्या बिलात तेच. नवीन माणूस टेबलावर आला की पहिल्यापासून सांगा.

निवृत्त कारकून
मागवाले दादा, तुमचा मुद्दा फार महत्त्वाचा. मी अशाच खात्यात आयुष्य काढलं, दुसऱ्या गावात. पद्धत सगळीकडे सारखीच असते म्हणून सविस्तर लिहितो.

लोकांचा मोठा गैरसमज असा की रेडीरेकनर वाढला म्हणून मिळकत कर वाढला. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आहे, तिथे तो संबंध येतो. आपल्याकडे कर बसतो करयोग्य मूल्यावर, म्हणजे ते घर भाड्यानं दिलं तर वाजवी किती भाडं येईल त्यावर. समजा महिना दोन हजार धरले. वर्षाचे २४ हजार. त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा, राहिले २१,६००. हे करयोग्य मूल्य. सामान्य कर, मलनिस्सारण, वृक्ष, अग्निशमन, शिक्षण, जे काही रकाने आहेत ते बहुतेक या आकड्याच्या टक्क्यांत निघतात. म्हणून बिलावर भांडायचं तर शेवटच्या बेरजेवर भांडू नका. या एका आकड्यावर आणि वापराच्या नोंदीवर भांडा. पाया चुकला की वरचा प्रत्येक रकाना चुकतो.

मोजणीचं पथक येऊन गेल्यावर किंवा आकारणी बदलल्यावर विशेष नोटीस येते. तिच्यात दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्या. आमच्याकडे शंभर नोटिसा गेल्या तर हरकती जेमतेम हाताच्या बोटांवर यायच्या. मुदत गेली की आकारणी कायम होते आणि मग माणूस बिल हातात घेऊन येतो. हरकतीवरचा निर्णय पटला नाही तर महापालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे अपील आहे. मुदत पंधरा दिवसांची आणि रक्कम आधी भरावी लागते.

मागवाल्यांसाठी: नुसता अर्ज देऊ नका. वीजजोड औद्योगिक होता तो घरगुती करून घेतल्याचा कागद, माग विकल्याची पावती, आतले फोटो, असं सगळं जोडून वापरबदलासाठी स्थळपाहणी मागा. वीजजोडच अजून औद्योगिक असेल तर कुठलाही अधिकारी सही करणार नाही.

आणि थकबाकी ठेवू नका. शास्ती, म्हणजे उशिराचा दंड, महिन्याला २ टक्के, म्हणजे वर्षाला २४. एवढं व्याज सावकार घेतो. वाद असला तरी जेवढी रक्कम मान्य आहे तेवढी ‘हक्क राखून’ असं लिहून भरा.

सैफुलची ताई
कराचं एवढं समजावलंत, धन्यवाद काका. मी पाणीपट्टीवर बोलते.

पाणीपट्टी वर्षाची ठरलेली, पूर्ण. पाणी येतं चार-पाच दिवसांतून एकदा, कधी त्याहून उशिरा, त्यातही रात्रीचं. ज्या रात्री पाळी असते त्या रात्री आमच्या गल्लीत कुणी झोपत नाही. मोटार लावायची, खालचा हौद भरला की वरची टाकी, मग पिंपं, मग कळशा, शेवटी पातेलीसुद्धा. सकाळी शाळा, डबा, नोकरी आहेच. उन्हाळ्यात बोअर आटला की टँकर. टँकरचे पैसे कुठल्याच बिलात दिसत नाहीत, पण घरखर्चाच्या वहीत ते मिळकत करापेक्षा जड जातात.

घर बघायला येणारा आधी काय विचारतो? ‘पाणी किती दिवसांनी?’ किंमत नंतर. उजनीपासून ११० किलोमीटरची समांतर जलवाहिनी टाकली, रोजच्या १७० दशलक्ष लिटरची. आनंद आहे. पण शहरातल्या जुन्या लाइनी, कमी पडणाऱ्या टाक्या, हद्दवाढ भागात न पोचलेल्या नळ्या यांचं काय? पाणी रोज येईपर्यंत पाणीपट्टी पाण्याच्या दिवसांप्रमाणे घ्यावी, एवढी साधी मागणी आहे. दुकानदार पाव किलो देऊन किलोचे पैसे मागेल का?

बांधकामवाला
ताईंचं म्हणणं शंभर टक्के खरं. मी छोट्या इमारती बांधतो. आमच्या खर्चातही पाणी आहे.

फ्लॅट घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला जीएसटी ५ टक्के. पण किंमत ४५ लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर परवडणाऱ्या घरात बसतं आणि १ टक्काच लागतो. महानगरांत ही मर्यादा ६० मीटर आहे, सोलापूरला ९०. म्हणजे इथले बहुतेक दोन बेडरूमचे फ्लॅट १ टक्क्यात बसतात. तरी कुणी ५ टक्के मागत असेल तर कारण लेखी मागा. वापर परवाना मिळाल्यावर घेतलेल्या फ्लॅटला जीएसटी नाहीच. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ ला २८ वरून १८ झाला. भावात ते उतरलंय का, तेही बिल्डरला विचारा, मलासुद्धा विचारतात.

महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी नंबर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पाचशे चौरस मीटरहून मोठी जागा आणि आठाहून जास्त फ्लॅट, असं दोन्ही असेल तर नोंदणी लागतेच. आणि करारनामा नोंदवायच्या आधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम कुणालाही घेता येत नाही.

शेळगी
इथे गुंठेवारीवाले, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीशिवाय पाडलेले गुंठ्याचे तुकडे घेतलेले, कुणी आहेत का? १९९२ च्या हद्दवाढीत शेळगी, बाळे, केगाव, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे अशी गावं शहरात आली. शहर एकदम पाचपट झालं, १७८ चौरस किलोमीटर. तीस वर्षांहून जास्त झाली. आमच्या रस्त्यावर अजून मुरूमच. वडिलांनी एक गुंठा घेतला, स्टँपपेपरवर, सातबारावर नाव सामाईकात. मनपाचं बिल मात्र नियमित येतं. बँक म्हणते बांधकाम परवाना आणा, परवाना देणारं खातं म्हणतं आधी गुंठेवारी नियमित करा. विकायला काढलं तर घेणाऱ्याला कर्ज मिळत नाही, म्हणून भाव निम्म्यावर. बिल भरतोय म्हणजे घर अधिकृत, असं वडील समजत होते.

दस्ताच्या कामातला
शेळगीकर, हा समज सगळ्या हद्दवाढ भागात आहे आणि त्यानं फार लोक फसलेत. मिळकत कर भरला म्हणून बांधकाम कायदेशीर ठरत नाही. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. मनपाचा उतारा हा कराचा कागद आहे, मालकीचा नाही. मालकी बघायची ती सातबारावर किंवा सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवर.

तुमच्यासाठी दोन वाटा आहेत आणि दोन्ही चालाव्या लागतील. तुकडेबंदीबद्दल, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे विकायला मनाई करणाऱ्या कायद्याबद्दल, नोव्हेंबर २०२५ मध्ये अध्यादेश आला. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले तुकड्यांचे व्यवहार शुल्क न घेता नियमित करायची त्यात सोय आहे. त्यानं जमिनीवर नाव लागेल. पण नोंदणी न झालेला स्टँपपेपर असेल तर आधी दस्त नोंदवून घ्यावा लागेल, त्याचं मुद्रांक भरावं लागेल. बांधकामाचं प्रकरण वेगळं. त्यासाठी गुंठेवारी कायद्याखाली मनपाकडे अर्ज, ज्यात मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांसाठी वाढवलीय. विकायची घाई करू नका. कागद झाले की हेच घर पूर्ण भावानं जाईल.

पुण्यात राहणारी सोलापूरकर
आमचं मुरारजी पेठेतलं घर बंद आहे. आई माझ्याकडे, भाऊ अमेरिकेत. विकावं असं चाललंय. आजोबांनी साठच्या दशकात बांधलं, विकलं तर सगळ्या रकमेवर कर लागेल म्हणून आई घाबरलीय. आणि बंद घराला पूर्ण कर कशाला, हाही तिचा प्रश्न.

हिशेबनीस
ताई, आईंना सांगा घाबरू नका. वारसानं आलेल्या घरावर तुम्हाला मिळताना कर नाही, विकल्यावर नफ्यावर आहे. आणि घर २००१ च्या आधीचं असल्यानं १ एप्रिल २००१ ची बाजारभावानं किंमत ही तुमची खरेदी किंमत धरता येते. त्या दिवसाच्या रेडीरेकनरपेक्षा ती जास्त धरता येत नाही, एवढीच अट. नोंदणीकृत मूल्यांककाकडून दाखला घ्या.

२३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के झाला, महागाई निर्देशांक न लावता, म्हणजे खरेदी किंमत महागाईप्रमाणे न वाढवता. पण त्याआधी आलेलं घर असेल तर भारतात राहणाऱ्याला निर्देशांक लावून २० टक्के हाही पर्याय आहे. दोन्ही काढून बघा, जो कमी तो भरा. जुन्या पेठेत भाव फार वाढला नसल्यानं बऱ्याचदा २० टक्क्यांचा पर्याय स्वस्त पडतो, कधी कधी कर शून्यसुद्धा येतो. नफ्यातून दुसरं घर घेतलं तर तेवढी सूट आहेच.

भावाचा हिस्सा मात्र वेगळा. तो अनिवासी, त्याला निर्देशांकाचा पर्याय नाही. आणि घेणाऱ्यानं त्याच्या हिश्श्यावर टीडीएस कापायचा तो एक टक्का नाही, ती निवासी विक्रेत्याची आणि ५० लाखांपासून पुढच्या व्यवहाराची गोष्ट आहे. अनिवासी असेल तर रक्कम कितीही लहान असो, कराच्या दरानं कापावा लागतो. भावाला आधीच कमी कपातीचा दाखला काढायला सांगा, नाहीतर पैसे विवरणपत्र भरेपर्यंत अडकतील.

बंद घराबद्दल: मनपाला घर रिकामं असल्याची लेखी सूचना देऊन काही कराचा परतावा मागायची तरतूद आहे, पण सूचना दिल्यापासूनच. मागच्या वर्षांचं मिळत नाही. आजच पत्र टाका.

रे नगर कुंभारी
आमच्यासारख्यांचंही ऐका. आई विड्या वळते. तीस हजार घरांच्या या वसाहतीत पहिली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये मिळाली, त्यात आमचं एक. आधी २००६ मध्ये गोदूताई परुळेकर वसाहत झाली, तेव्हा मावशीला मिळालं. झोपडपट्टीतलं भाडं सुटलं, आईला पहिल्यांदा स्वतःचं दार मिळालं, त्याची किंमत पैशात नाही होत. पण आम्ही मनपा हद्दीबाहेर. कामाला रोज शहरात यावं लागतं, बसचं तिकीट, रिक्षा. हद्दीत घेतलं तर कर वाढेल म्हणून काहीजण घाबरतात. मला वाटतं कर लावा, पण आधी बस आणि पाणी द्या. शेळगीचं झालं तसं आमचं होऊ नये.

जुळेकर
सगळं वाचलं. एक विचारतो, मी जुना फ्लॅट घेतोय. विकणारा म्हणतो कराची थोडी थकबाकी आहे, ताबा दिल्यावर बघू. काय करावं?

पेठेतला
बघू नका, आधी भरून घ्या. मिळकत कर हा त्या मिळकतीवरचा पहिला बोजा असतो, कलम १४१. मालक बदलला तरी थकबाकी घराबरोबर येते, तुमच्याकडूनच वसूल होते. दस्ताच्या दिवशी मनपाचा ‘बाकी नाही’ दाखला आणि पाणीपट्टीची शेवटची पावती टेबलावर पाहिजे, किंवा तेवढी रक्कम किमतीतून कापून तुम्हीच भरा आणि दस्तात तसं लिहा. सोसायटीचाही ना-हरकत दाखला घ्या. दस्त झाल्यावर तीन महिन्यांच्या आत मनपाला हस्तांतराची लेखी सूचना द्या.

आता सगळ्यांसाठी. पुढच्या वर्षाच्या कराचे दर महापालिकेनं २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात, कलम ९९. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं प्रशासक होते, विचारायचं कुणाला हाच प्रश्न होता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली, आता प्रत्येक प्रभागात नगरसेवक आहेत. दर ठरायच्या आधी डिसेंबर-जानेवारीतच त्यांच्याकडे जाऊ. माझ्या मते मागण्या दोनच ठेवाव्यात. एक, पाणीपट्टी पाण्याच्या दिवसांप्रमाणे. दुसरी, पूर्व भागातल्या बंद मागांच्या मिळकतींची एकदा सरसकट स्थळपाहणी करून वापर निवासी करावा. रेडीरेकनर मनपाच्या हातात नाही, त्यासाठी नोंदणी खात्याकडे पेठांचे व्यवहार पुराव्यानिशी वेगळे द्यावे लागतील. दस्ताच्या कामातले साहेब, पेठांतल्या ज्या दस्तांत खरी किंमत दरापेक्षा कमी आहे, ते नावं झाकून एकत्र करायला मदत कराल का? मागवाले दादा, तुमच्या गल्लीतली बिलं गोळा करायला मी रविवारी येतो, कन्ना चौकात भेटू.

मागवाला
या की. सकाळी या, दहाच्या आत. आमच्या बोळातली बिलं मी आजपासूनच मागून ठेवतो.